तीन वस्तू शेजारी का? सिव्हिलायझेशनमधला थीमिंग बोनस

सिव्हिलायझेशन नव्याने खेळणाऱ्याला एक कोडे हमखास पडते. बऱ्याच खटपटीने ग्रेट आर्टिस्ट मिळतो. आर्ट म्युझियम बांधून तयार असते. त्या कलावंताच्या तीन कृती तिथल्या तीन जागांवर लागतात. कल्चर थोडे वाढते, टुरिझमचा आकडा थोडा हलतो, पण ज्या दुप्पट बोनसबद्दल ऐकलेले असते, तो येत नाही. मग पुढच्या शहरात आणखी एक म्युझियम बांधले जाते, तेही तसेच भरले जाते आणि पुन्हा तेच घडते. शंभर टर्न अशा जातात आणि कल्चर व्हिक्टरी भलताच देश घेऊन जातो.

शिरूर-दौंडकडच्या ज्या मुलामुलींनी हा खेळ लॅपटॉपवर किंवा फोनवर सुरू केला आहे आणि जी या टप्प्यावर अडली आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. थीमिंगचे नियम पाठ करायची गरज नाही. या तीन वस्तू एकमेकींच्या शेजारी का ठेवल्या, हा संग्रहालय मांडणाऱ्याचा जुना प्रश्नच खेळाने नियम म्हणून घेतला आहे. त्याचे उत्तर देता आले की बोनस मिळतो. आणि हा प्रश्न समजून घ्यायला आपल्या भागाइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. घोडनदीच्या काठचे इनामगाव शिरूर तालुक्यातच आहे आणि पुण्यातले केळकर संग्रहालय एका दिवसात पाहून परत येता येते.

आधी सहाव्या भागाबद्दल, म्हणजे २०१६ साली आलेल्या सिव्हिलायझेशन सिक्सबद्दल बोलू, कारण आज बहुतेक जण तोच खेळतात. त्यात शहरात थिएटर स्क्वेअर नावाचा डिस्ट्रिक्ट असतो. तिथे आधी अँफिथिएटर होते. ह्युमॅनिझम हा टप्पा गाठला की त्याच्यावर दोनपैकी एक म्युझियम बांधता येते: आर्ट म्युझियम किंवा आर्किऑलॉजिकल म्युझियम. दोन्ही एका शहरात होत नाहीत. दोन्हींत जागा तीन-तीनच असतात, पण नियम वेगवेगळे आहेत. आर्ट म्युझियमला तीन कृती एकाच प्रकारच्या आणि तीन वेगवेगळ्या कलावंतांच्या लागतात. आर्किऑलॉजिकल म्युझियमला तीन वस्तू एकाच युगातल्या आणि तीन वेगवेगळ्या संस्कृतींच्या लागतात. हे जुळले की त्या म्युझियममधल्या कृतींचे कल्चर आणि टुरिझम दुप्पट होते.

एकच प्रकार, वेगळे हात

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते पाहिले असतील तर पहिला नियम वेगळा शिकवावा लागत नाही. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून घरगुती वापराच्या वस्तू गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारून ते शासनाच्या हाती दिले. वीस हजारांवर वस्तू आहेत. तिथले दिवे पाहा, अडकित्ते पाहा. वस्तू एकच, काम एकच, पण प्रत्येक कारागिराचा हात निराळा. एकाच कारागिराचे तीन अडकित्ते ओळीने ठेवले असते तर आपण एक पाहून पुढे गेलो असतो. तीन हातांचे तीन ठेवले की आपण थांबतो आणि फरक शोधायला लागतो. आर्ट म्युझियमचा नियम हाच आहे.

खेळात कृतींचे प्रकार चार: धार्मिक चित्र, शिल्प, व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र. एक ग्रेट आर्टिस्ट तीन कृती करतो. नवखा खेळाडू फसतो तो इथेच. कलावंत एक, कृती तीन आणि म्युझियममध्ये जागाही तीन, म्हणून तो सगळ्या एकाच ठिकाणी वापरून मोकळा होतो. पण हिशेब मांडून बघा. एका शिल्पकाराच्या तीन शिल्पांतून एकही बोनस निघत नाही. दोघांच्या सहांतूनही निघत नाही. तिघांच्या नऊ शिल्पांतून मात्र तीन म्युझियम एकदम जुळतात, प्रत्येकात तिघांचे एकेक शिल्प ठेवून.

म्हणून कलावंत मिळाला की त्याच्या तिन्ही कृती एका जागी उरकू नका. पहिली कृती पहिल्या शहरात करा, मग त्याला चालवत दुसऱ्या शहरात न्या आणि तिथे दुसरी करा. तिसरी तिसऱ्या शहरात. दहा-बारा टर्न जास्त जातील, पण पुढची हलवाहलव वाचेल. म्युझियममध्ये नव्याने लागलेली कृती लगेच दुसरीकडे हलवता येत नाही, काही टर्न थांबावे लागते. ज्यांनी सगळे एका ठिकाणी भरले, त्यांना ऐन वेळी हा नियम नडतो.

कोणता प्रकार धरायचा, हे पहिला कलावंत पाहून ठरवू नका. ग्रेट पीपलच्या पडद्यावर पुढचा कलावंत कोण येतो आहे ते दिसते आणि त्याच्या कृती कोणत्या आहेत ते खेळाच्या कोशात, सिव्हिलोपीडियात, वाचता येते. दोनातेल्लो आणि एडमोनिया लुईस शिल्पांसाठी, होकुसाई आणि मोने निसर्गचित्रांसाठी उपयोगी पडतात. आपल्या अमृता शेरगिलही या यादीत आहेत आणि त्या आल्या की मला अजूनही आनंद होतो. तुमच्याकडे आधी दोन निसर्गचित्रकार असतील आणि पुढचा कलावंत शिल्पकार असेल, तर त्याला सोडून देऊन त्याच्यानंतरच्यासाठी थांबणे शहाणपणाचे ठरू शकते. आणि हवा तोच आला तर गुण पुरे व्हायची वाट पाहू नका, सोने किंवा फेथ खर्चून त्याला लगेच घ्या. सोने साठवून ठेवावे असे खेळात फारच थोडे असते आणि जुळणी पुरी करणारा तिसरा कलावंत त्यांतला एक आहे.

तरीही तिसरा नाही मिळाला तर सौदा करा. दुसऱ्या देशांकडे चित्रे-शिल्पे असतात आणि ती देवाणघेवाणीच्या पडद्यावर येतात. संगणकाच्या हातातला देश थीमिंगचा विचार तुमच्याइतका करत नाही. त्याच्या दृष्टीने निसर्गचित्र हे फक्त निसर्गचित्र असते, तुमच्या दृष्टीने मात्र तो तिसरा हात असतो. तुमच्याकडे उरलेली, कुठेच न बसणारी कृती त्याला द्या आणि हवी ती घ्या, वर थोडे सोने मोजावे लागले तरी मोजा. मी तर म्हणेन, आर्ट म्युझियमचे निम्मे काम या पडद्यावरच होते. दर काही टर्नांनी प्रत्येक देशाची यादी उघडून पाहण्याची सवय लावून घ्या.

एकच काळ, वेगळी माणसे

आता आर्किऑलॉजिकल म्युझियम. माझ्या मते खेळातली ही सर्वांत सुंदर बाजू आहे आणि ती समजायला इनामगावाची गोष्ट माहीत असावी.

घोड नदीच्या उजव्या काठावर, इनामगावजवळच्या पांढरीच्या टेकाडात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामातून सव्वाशेहून अधिक घरे उघडी झाली. सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची वस्ती, तीही तीन थरांची: आधी माळवा, मग पूर्व जोर्वे आणि शेवटी उत्तर जोर्वे. पाच खोल्यांचे घर, त्याच्याशेजारी धान्याचे कोठार, पाण्यासाठी काढलेला पाट, तोंडाला तोंड लावलेल्या रांजणांत पुरलेली मुले, चार पायांच्या मोठ्या मातीच्या भांड्यात बसवून पुरलेला माणूस, घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत ठेवलेली बिनडोक्याची देवी आणि तिच्याबरोबर बैल. शेवटच्या थरात चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात. पाऊस कमी होत गेला आणि शेती मोडली, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. हे सगळे आपल्या शिरूर तालुक्यातले आहे.

या वस्तूंची मांडणी किती प्रकारे करता येईल ते पाहा. पूर्व जोर्वे काळातली इनामगावची तीन मडकी शेजारी ठेवली तर एका गावाचे एका काळातले जगणे दिसते. इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद इथली त्याच काळातली मडकी शेजारी ठेवली तर एक काळ आणि तीन ठिकाणे दिसतात, त्यांच्यातले साम्य-भेद कळतात. इनामगावच्याच तीन थरांतली तीन मडकी ठेवली तर बदल दिसतो. तिन्ही मांडण्या बरोबर आहेत, फक्त प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे. सहाव्या भागाने यांतली दुसरी निवडली: काळ एक ठेवा, माणसे बदला.

प्रत्यक्ष खेळात नॅचरल हिस्टरी हा टप्पा गाठला की नकाशावर जुन्या अवशेषांच्या जागा दिसू लागतात. नंतर कल्चरल हेरिटेजला पोहोचलात की समुद्रातल्या बुडालेल्या जहाजांच्या जागाही दिसतात. या जागा मनमानी पडलेल्या नसतात. जिथे पूर्वी लढाई झाली, जिथे टोळ्यांचा तळ मोडला, अशा ठिकाणी त्या तयार होतात. म्हणजे तुम्ही आणि इतरांनी खेळाच्या पहिल्या निम्म्या भागात जो इतिहास घडवला, तोच पुढे जमिनीतून निघतो. आपल्या तालुक्यात १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला पेशव्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी यांच्यात लढाई झाली. ती तुकडी शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. खेळात अशी जागा उकरली तर समोर दोन पर्याय येतात: या बाजूची वस्तू घ्यायची की त्या बाजूची. दोन्हींचे युग एकच असते. बहुतेक खेळाडू डोळे झाकून पहिल्यावर बोट ठेवतात. तसे करू नका. त्या युगातली कोणती संस्कृती तुमच्याकडे अजून नाही ते पाहा आणि ती निवडा.

इथे एक साधी वही लागते. आडवी युगे आणि उभी संस्कृतींची नावे असा तक्ता करा, वस्तू मिळाली की त्या चौकटीत खूण करा. ज्या युगाच्या स्तंभात तीन वेगळ्या खुणा झाल्या, तिथे एक म्युझियम जुळले. तुमची स्वतःची संस्कृतीही तीनपैकी एक म्हणून चालते, हे विसरू नका. मुख्य म्हणजे एकाच आर्किऑलॉजिकल म्युझियमवर थीमिंगची आशा धरू नका. एका आर्किऑलॉजिस्टला तीन उत्खनने करता येतात आणि पहिल्याच तिन्हींत युग जुळणे व संस्कृती वेगळ्या निघणे हे नशिबाचे काम आहे. तीन म्युझियम असतील तर नऊ वस्तू होतात. मग अदलाबदलीला वाव मिळतो आणि तुमच्या डोक्यालाही काम मिळते. मात्र म्युझियम पूर्ण भरल्याशिवाय त्यातली वस्तू हलवता येत नाही. म्हणून तिसरी जागा नको असलेल्या वस्तूने का होईना, भरून टाका आणि मग ग्रेट वर्क्सच्या पडद्यावर बसून मांडणी करा.

उत्खननाच्या क्रमाबद्दल माझे ठाम मत आहे. कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागा आधी उरका, कारण त्यांच्यावर सगळ्यांचे लक्ष असते. मग ओपन बॉर्डर्सचा करार करून परक्या हद्दीतल्या. तिथला नेता नाराज होऊन तक्रार करतो, तेवढी तयारी ठेवा. स्वतःच्या हद्दीतल्या सर्वांत शेवटी, कारण तुम्ही वाट दिल्याशिवाय तिथे दुसऱ्याचा आर्किऑलॉजिस्ट येऊ शकत नाही.

एक गोष्ट खेळाबाहेरची सांगतो आणि ती गांभीर्याने घ्यावी. खेळात एक जागा उकरली की एक वस्तू मिळते आणि जागा संपते. इनामगावात तसे नव्हते. तिथे मडके कुठल्या घरात, कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडले, यालाच खरी किंमत होती. बारा हंगाम त्यातच गेले. घोड आणि भीमेच्या काठच्या शेतांत नांगरताना रंगीत खापरे, मणी, दगडाची पाती वर येतात, तेव्हा ती उचलून घरी नेली की ती माहिती कायमची जाते. ती जागेवरच ठेवून तहसील कार्यालयाला किंवा डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीत गुप्तधन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

पाचव्या भागाची मांडणी

काही जण अजून सिव्हिलायझेशन फाइव्ह खेळतात आणि त्यांचे मला कौतुक वाटते. त्यात ग्रेट वर्क आणि थीमिंग २०१३ च्या ब्रेव्ह न्यू वर्ल्ड या विस्तारातून आले. तिथला नियम इमारतीगणिक बदलतो. साध्या म्युझियमला दोन जागा असतात आणि तिथे एकाच संस्कृतीच्या, एकाच युगातल्या दोन कलाकृती किंवा दोन जुन्या वस्तू हव्यात. वर म्हटलेली इनामगावच्या मडक्यांची पहिली मांडणी ती हीच. उफित्सीलाही एकाच युगातली, एकाच संस्कृतीची तीन चित्रे लागतात. लूव्रची गोष्ट अगदी उलटी आहे. तिथे दोन कलाकृती आणि दोन जुन्या वस्तू हव्यात आणि चारही वेगळ्या युगांतल्या व वेगळ्या संस्कृतींच्या.

कलाकृतीचे युग कलावंताच्या नावावरून ठरत नाही. तुम्ही त्याला ज्या युगात वापरता, ते तिचे युग. म्हणून उफित्सी भरायची असेल तर कलावंत साठवून ठेवा आणि एकाच युगात वापरा. लूव्रसाठी त्यांना युगायुगांत विखरा. परक्या कृतींसाठी कल्चरच्या पडद्यावर अदलाबदलीची सोय आहे. लूव्र भरण्यात जे कसब लागते ते सहाव्या भागात कुठेच लागत नाही, असे माझे मत आहे.

बोनस मिळाल्यावर

आता पुन्हा सहाव्या भागाकडे. जुळलेले म्युझियम वाऱ्यावर सोडू नका. शत्रूचा हेर थिएटर स्क्वेअरमधून कलाकृती पळवू शकतो आणि तीनपैकी एक गेली की दुप्पट झालेले सगळे खाली येते. ज्या शहरात सर्वांत मोठी जुळणी आहे, त्या डिस्ट्रिक्टवर आपला एक हेर राखणीला बसवा.

टुरिझम वाढवायला हेरिटेज टुरिझम हे धोरणाचे कार्ड लावा. त्याने कलाकृती आणि उत्खननातल्या वस्तू या दोन्हींचे टुरिझम दुप्पट होते. पिंगल हा गव्हर्नर हाताशी असेल तर त्याची क्युरेटर ही बढती त्या शहरातल्या कला, संगीत आणि साहित्याच्या कृतींचे टुरिझम दुप्पट करते. उत्खननातल्या वस्तूंना तिचा उपयोग नाही, म्हणून पिंगलला आर्ट म्युझियमच्या शहरात बसवा, आर्किऑलॉजिकलच्या नव्हे. ज्या देशाचे पर्यटक ओढायचे आहेत, त्याच्याशी व्यापारी मार्ग आणि ओपन बॉर्डर्स ठेवा. प्रत्येकामुळे त्या देशावरचा तुमचा टुरिझम २५ टक्क्यांनी वाढतो. स्वतःच्या जागा उकरून झाल्या की सीमा मोकळ्या करायला मग काहीच हरकत नाही.

आता स्वीडनची नेता क्रिस्टिना हिच्याबद्दल. २०१९ च्या गॅदरिंग स्टॉर्म या विस्तारात ती आली. तीन किंवा अधिक जागांची इमारत आणि दोन किंवा अधिक जागांचे वंडर नुसते भरले की तिच्या हाती ते आपोआप जुळते. प्रकार, कलावंत, युग, काही पाहावे लागत नाही. कल्चर व्हिक्टरी लवकर हवी असेल तर तिच्यासारखी दुसरी निवड नाही आणि म्हणून नवख्यांना सगळे तिचेच नाव सुचवतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी भारत घ्या, फ्रान्स घ्या, कोणताही देश घ्या, पण निदान एकदा तीन आर्किऑलॉजिकल म्युझियम स्वतःच्या हाताने जुळवा, वहीतल्या तक्त्यासकट. त्याआधी जमले तर केळकर संग्रहालयात अर्धा दिवस काढा आणि प्रत्येक कपाटापुढे उभे राहून या वस्तू शेजारी का ठेवल्या असाव्यात ते स्वतःला विचारा. क्रिस्टिना त्यानंतर घ्या.